‘तेवढाच पाऊस, मग पूर कसा?’

पावसाळ्यात एक मजकूर हमखास फिरतो: मागे 100 मिलिमीटर पावसात नदी पात्रातच राहिली, यंदा तेवढ्यातच पूर आला, म्हणजे पुराचे अंदाज निव्वळ अंदाजपंचे, त्यापेक्षा जुन्याजाणत्यांची नजर बरी, आणि ‘70 टक्के शक्यता’ ही पळवाट. यावर विसंबून माणसं इशारा येऊनही घरात थांबतात, म्हणून हे खोडायलाच हवं.

मुळात पाऊस तेवढाच म्हणजे नदीत पाणीही तेवढंच, हे गृहीतच चुकीचं आहे. काही पाऊस जमिनीत मुरतो. उरलेला वाहतो, तो अपधाव. अमेरिकेच्या मृदसंधारण खात्याने 1950च्या दशकात रूढ केलेली ‘कर्व्ह नंबर’ पद्धत घ्या: तिच्यात खोऱ्याला एक आकडा देतात, तो जितका मोठा तितका अपधाव जास्त. एखाद्या खोऱ्याचा नेहमीचा आकडा 80 असेल, तर कोरड्या जमिनीसाठी तो 63 आणि आधीच भिजलेल्या जमिनीसाठी 91 धरतात. आता 100 मिलिमीटर पाऊस घालून गणित करा: कोरड्या खोऱ्यातून साधारण 22 मिलिमीटर अपधाव येतो, भिजलेल्यातून 75. खोरं 1000 चौरस किलोमीटरचं असेल तर हा फरक पाच कोटी घनमीटरांहून अधिक! त्यात पाऊस तीन तासांत कोसळला की दिवसभर रिपरिपला, हा हिशेब वेगळाच. अपधाव नदीत कोणत्या वेळी किती पोचतो हे मांडायची अमेरिकन अभियंते शर्मन यांची ‘एकक जलालेख’ पद्धत 1932 सालची. म्हणजे ज्या गोष्टीवरून मॉडेलला, म्हणजे पावसावरून पुराचा अंदाज काढणाऱ्या गणिताला, खोटं ठरवलं जातंय, तीच समजावून सांगायला मॉडेल आहे.

जुन्या माणसांच्या नजरेबद्दल मला आदर आहे. पूररेषेच्या त्यांच्या खुणा मॉडेल तपासायलाही लागतात. पण वरच्या खोऱ्यात रात्री पडलेला पाऊस काठावरून दिसत नाही.

राहिली टक्केवारी. येणारा पाऊस नेमका ठाऊक नसतो, म्हणून मॉडेल पावसाच्या अनेक शक्यता घेऊन चालवतात. 50 पैकी 35 वेळा पाणी धोक्याची पातळी ओलांडत असेल, तर 70 टक्के म्हणणं हाच प्रामाणिकपणा. अशा दहा इशाऱ्यांपैकी तीनेक वेळा पूर येणार नाही, हे त्यात सांगितलेलंच आहे.

मॉडेल चुकतातही. लहान, तीव्र उताराच्या ओढ्यांवर हाताशी जेमतेम काही तास असतात. मोठ्या पुरात प्रवाह प्रत्यक्ष मोजणं अवघड, त्यामुळे पातळीवरून विसर्ग (दर सेकंदाला वाहणारं पाणी) काढण्याचा आलेख तिथे अंदाजानेच वर वाढवावा लागतो. टीका करायची तर इथे करा, आणि वरच्या खोऱ्यांत पर्जन्यमापक वाढवायला लावा.