डोंगरावरच्या रिपीटरला १०० अँपिअर-तास पुरत नाहीत

डोंगरमाथ्यावरच्या रेडिओ रिपीटरसाठी, म्हणजे आलेला संदेश पकडून पुन्हा प्रक्षेपित करणाऱ्या यंत्रासाठी, १०० अँपिअर-तासांची (१ अँपिअर १०० तास पुरवू शकणारी) एक लिथियम बॅटरी, घरगुती इन्व्हर्टर आणि एक सौर पॅनेल पुरेसे असते, लेड-ॲसिड (शिसे आणि आम्लाची) बॅटरी आता कालबाह्य झाली आहे आणि या जोडणीकडे १० वर्षे पाहावेही लागत नाही, असा सल्ला हॅम, म्हणजे हौशी रेडिओ चालवणाऱ्या, मंडळींत आणि बचाव पथकांत वारंवार पुढे पाठवला जातो. तो सद्हेतूने दिलेला आहे, पण त्यात आधी बॅटरी ठरते आणि जागेचा विचार नंतरही होत नाही.

प्रथम १०० अँपिअर-तासांचा दावा पाहू. रिपीटर नुसता ऐकत असताना १ अँपिअर आणि प्रक्षेपण करताना १० अँपिअर घेतो असे धरू. एरवी प्रक्षेपण जेमतेम होते आणि सल्ल्यातला हिशेब त्याच दिवसांचा आहे. परंतु दरड कोसळल्यावर किंवा शोधमोहीम चालू असताना रिपीटर पाव वेळ प्रक्षेपणातच असेल, तर सरासरी ३.२५ अँपिअर, म्हणजे दिवसाला ७८ अँपिअर-तास लागतात. बॅटरीचे आयुष्य राखण्यासाठी लिथियममधून ८० टक्केच वापरायचे ठरवले, तर ही बॅटरी एका दिवसात संपते. सह्याद्रीच्या माथ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये ढग आणि धुके कित्येक दिवस हटत नाहीत, आणि मोहिमाही बहुधा याच दिवसांत निघतात. निदान ३ दिवसांची तरतूद करायची, तर लिथियमची क्षमता सुमारे ३०० अँपिअर-तास हवी. लेड-ॲसिड निम्मीच वापरायची असल्याने तिची सुमारे ४७० हवी. शिवाय ऊन पडल्यावर पॅनेलने चालू भार पेलून रिकामी बॅटरीही भरली पाहिजे.

इन्व्हर्टरचा सल्ला तर सरळ नाकारावा असाच आहे. रेडिओ मुळात १३.८ व्होल्ट डीसीवर, म्हणजे बॅटरी देते तशा एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर, चालतो. बॅटरीतून २३० व्होल्ट करून ते पुन्हा खाली आणताना प्रत्येक टप्प्यावर ८५ टक्के वीज पुढे गेली, तरी हाती ७२ टक्केच उरते, आणि इन्व्हर्टर रिकामा चालतानाही वीज खातो ती वेगळीच.

मात्र थेट डीसी जोडणीत तार जाड हवी, आणि माझ्या मते सल्ल्यातली सर्वांत मोठी उणीव हीच आहे, कारण त्यात तारेचा उल्लेखच नाही. घरच्या वायरिंगमधली २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार १० मीटर अंतरावर वापरली, तर जाऊन-येऊन २० मीटर होतात आणि १० अँपिअरला जवळजवळ दीड व्होल्ट वाटेतच जातो. बॅटरी १२ व्होल्टवर आली की रेडिओला साडेदहाच मिळतात; बॅटरीत वीज शिल्लक असूनही प्रक्षेपण सुरू होताच तो बंद पडू शकतो. १६ चौरस मिलिमीटरच्या तारेत हीच घट पाव व्होल्टच्या आत राहते.

लिथियम हलकी असते आणि अधिक वेळा चार्ज-डिस्चार्ज होऊ शकते, हे खरेच आहे. जिथे सामान पाठीवर वाहून न्यावे लागते, तिथे मीही लिथियम आयर्न फॉस्फेट या प्रकारची लिथियम बॅटरीच सुचवेन. पण ती शून्य अंशाखाली चार्ज करता येत नाही, त्यामुळे लडाखसारख्या ठिकाणी हीटर किंवा चार्जिंग रोखणारी बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारी नियंत्रण यंत्रणा) लागते. जिथे गाडी पोहोचते आणि वजनाची अडचण नाही, तिथे ट्युब्युलर (नळीदार प्लेटची) लेड-ॲसिड आजही योग्य आहे, मात्र चार्जरला तापमानानुसार व्होल्टेज बदलण्याची सोय हवी, कारण सरासरी तापमान १० अंशांनी वाढले की तिचे आयुष्य साधारण निम्मे होते. देखभाल दोन्हींना लागते: पावसाळ्याआधी टर्मिनल तपासलेच पाहिजेत.

या सल्ल्यात फ्यूजचाही उल्लेख नाही, आणि म्हणून अनेक जण घरातलाच एसी एमसीबी (घरच्या विजेसाठीचा, प्रवाह जास्त झाल्यास आपोआप बंद होणारा स्विच) बसवतात. एसीचा प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझायला मदत होते. डीसीत तसे होत नाही. लिथियम बॅटरीचा शॉर्ट-सर्किट प्रवाह हजारो अँपिअरचा असू शकतो, म्हणून तेवढा प्रवाह तोडू शकणारा डीसी फ्यूज बॅटरीच्या धन टोकालगतच बसवावा. तो रेडिओच्या पेटीत बसवला, तर मधली सगळी तार संरक्षणाविना राहते.