कार्कासोनचा किल्ला नकली नाही, रिकामा आहे

दक्षिण फ्रान्समधल्या कार्कासोनला जाऊन आलेला प्रत्येक दुसरा माणूस सांगतो, "छान आहे, पण सगळं नकली आहे हो. एकोणिसाव्या शतकात बांधलंय." तुलूजहून ट्रेनने तासाभरात पोचता येतं, त्यामुळे सकाळी जाऊन संध्याकाळी परतणारे बरेच. मीही तसाच गेलो, आणि हा आरोप मला पटला नाही.

आधी किल्ल्याचं नशीब बघा. दुहेरी तटबंदी, 52 बुरुज, तटाची लांबी तीन किलोमीटर. आतल्या तटात काही ठिकाणी रोमन काळातलं बांधकाम आजही डोळ्यांना दिसतं, बारीक चौकोनी दगडांच्या मधून विटांचे थर गेलेले. 1209 साली ख्रिस्ती धर्मातल्याच कॅथर पंथाविरुद्ध पोपने पुकारलेली धर्मयुद्धाची फौज इथे आली. नेमका ऑगस्ट महिना, आत पाण्याचे हाल. शरण आलेल्या लोकांना घरदार सोडून बाहेर काढलं आणि इथला तरुण सरदार रेमाँ-रोजे त्रांकाव्हेल त्याच वर्षी कैदेत मेला. पुढे फ्रान्सच्या राजाने दुसरा तट बांधला, स्पेनच्या सीमेवरचं हे मोठं ठाणं झालं. पण 1659 च्या तहाने सीमा दक्षिणेकडे पिरेनीज पर्वतावर सरकली आणि किल्ल्याचं काम संपलं. मग तेच, जे सगळीकडे होतं. लोक दगड काढून नेऊ लागले. 1850 च्या सुमारास तर सरकारनेच तट मोडीत काढायचं ठरवलं होतं. गावातला एक इतिहासप्रेमी वकील, क्रो-मेरव्हिएय, आणि स्मारकांचा निरीक्षक असलेला लेखक प्रॉस्पेर मेरिमे यांनी ओरड केली म्हणून तो वाचला.

डागडुजी 1853 ला सुरू झाली, व्हियोले-ल-द्युक या वास्तुविशारदाच्या हाताखाली. नकलीपणाचा सगळा राग याच्यावर आहे. त्याने बुरुजांवर स्लेटच्या उंच टोकदार टोप्या चढवल्या. दक्षिणेत घरांवर लाल कौलं असतात, मग ही उत्तरेची काळी छपरं कशाला? त्याचं म्हणणं होतं की तेराव्या शतकातलं हे बांधकाम उत्तरेतून आलेल्या राजाच्या माणसांनी केलं, छपरंही त्यांच्याच पद्धतीची असणार. तर्क अगदीच टाकाऊ नाही. त्याने जरा जास्तच केलं, हे मान्य. पण त्याच्याशिवाय आज तिथे भांडायला छपरंच नसती.

(2018 मध्ये एका कलाकाराने तटावर पिवळी वर्तुळं चिकटवली, तेव्हा गावकरी म्हणे फार चिडले होते. मला फोटोत तरी आवडली.)

खरी खटकणारी गोष्ट दुसरीच आहे, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. दोन तटांच्या मधे आज छान मोकळी गवताळ जागा आहे. फोटो काढायला सगळे तिथेच. एकोणिसाव्या शतकात तिथे गोरगरिबांची वस्ती होती. तटाला टेकून घरं, त्यांत विणकर, मजूर. 'मूळ रूप' परत आणायचं म्हणून ती घरं टप्प्याटप्प्याने पाडली. आज तटाच्या आत कायमचे राहणारे मोजकेच उरलेत. गल्ल्यांत प्लास्टिकच्या तलवारी, आइस्क्रीम आणि छळाच्या हत्यारांचं एक संग्रहालय, जिथे मी गेलो नाही. दाम कार्कास या दंतकथेतल्या बाईची गोष्टही दर चार पावलांवर विकली जाते. फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याच्या वेढ्यात तिने शेवटचं धान्य डुकराला चारून ते तटावरून खाली फेकलं, म्हणजे आत अजून भरपूर आहे असं शत्रूला वाटावं. गोष्ट झकास आहे, पण हा गड शार्लमेनच्या बापाने, पेपँने, 759 मध्येच घेतला होता. पोराला वेढा घालायची गरजच नव्हती!

आपल्याकडे 2025 मध्ये मराठ्यांचे 12 किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले, मीही ठेवला. त्याआधी पन्हाळ्यावरचे रहिवासी आपल्याला इथून हलवतील या भीतीने विरोध करत होते, तेव्हा बऱ्याच लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. कार्कासोनच्या त्या गवतावर उभं राहिल्यावर पन्हाळ्याच्या लोकांची भीती मला अजिबात वेडगळ वाटत नाही. पडलेला बुरुज परत बांधता येतो, चुकीचा बांधला तर पुढची पिढी छप्पर बदलते. उठवलेली वस्ती परत बसवल्याचं उदाहरण मला तरी माहीत नाही.

जाणार असाल तर एवढंच करा. नदीपलीकडच्या खालच्या गावात अर्धा दिवस घालवा. बहुतेक पर्यटक ते वगळतात, पण 45 हजारांहून जास्त लोकांचं कार्कासोन तिथेच राहतं. काटकोनात आखलेले रस्ते, 1355 मध्ये इंग्रजांनी जाळलेलं आणि पुन्हा उभं राहिलेलं. मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी प्लास कार्नो या चौकात बाजार भरतो. कासुले खायचं तर पांढऱ्या घेवड्याच्या दाट उसळीत बदक आणि सॉसेज असं समजा, शाकाहाऱ्यांनी बाजारातून चीज आणि फळं घ्यावीत. किल्ल्याच्या गल्ल्यांत फिरायला पैसे लागत नाहीत, तिकीट फक्त आतला वाडा आणि तटावरची फेरी यांचं. ते मात्र काढाच, रोमन विटा आणि राजाचा दगड एकाच भिंतीत तिथून जवळून बघता येतात.