डेन्मार्कच्या राजाने पिवळा तारा कधीच लावला नव्हता

डेन्मार्कचे राजे ख्रिश्चन दहावे यांच्याविषयीचा एक मजकूर गेली कित्येक वर्षे व्हॉट्सॲपवर फिरतो आहे आणि आजवर मी तो मुकाट्याने पुसून टाकत आलो. आता मात्र माझ्या पुतणीने तो शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी पाठ करायला घेतला आहे, आणि तिला तो पुरवणारे आमचे दादा ‘इतक्या जणांनी पाठवला म्हणजे काहीतरी तथ्य असणारच’ असे म्हणून मोकळे झाले आहेत. मजकुराचा सारांश असा: दुसऱ्या महायुद्धात नाझींनी डेन्मार्कमधील ज्यूंना पिवळा तारा (ज्यू ओळखू यावेत म्हणून कपड्यांवर लावायची खूण) लावण्याचा हुकूम दिला, दुसऱ्या दिवशी राजे स्वतः छातीवर तारा लावून घोड्यावरून कोपनहेगनमध्ये फिरले, ते पाहून सगळ्या प्रजेने तारे लावले, हिटलरने घाबरून हुकूम मागे घेतला, पुढे राजांच्या आज्ञेने एकूण एक ज्यू स्वीडनला पोहोचला आणि नाझींच्या हाती कोणीही लागले नाही.

हा डोलारा पहिल्याच वाक्याशी कोसळतो, कारण डेन्मार्कमध्ये असा हुकूम कधीच निघाला नाही. जर्मनीत तो सप्टेंबर १९४१ मध्ये निघाला, नेदरलँड्स आणि व्याप्त फ्रान्समध्ये १९४२ मध्ये. डेन्मार्कमध्ये मे १९४५ मध्ये जर्मन फौजा शरण जाईपर्यंत नाही. निघालाच नाही तो हुकूम मागे कसा घेतला, एवढा साधा प्रश्न पुढे पाठवणाऱ्यांपैकी एकालाही पडू नये? गंमत म्हणजे मजकुरासोबतचे छायाचित्र अस्सल आहे. राजे गणवेशात घोड्यावर बसलेले आहेत, आजूबाजूला सायकलींवरची माणसे आहेत आणि अंगरक्षक एकही नाही. मात्र चित्र कितीही मोठे करून पाहिले तरी छातीवर तारा सापडत नाही.

हुकूम का निघाला नाही, याचे कारण राजांच्या छातीवर शोधण्यात अर्थ नाही. ९ एप्रिल १९४० रोजी काही तासांच्या प्रतिकारानंतर डेन्मार्क शरण गेला. राजे आणि सरकार देशातच राहिले आणि त्यांनी जर्मनांशी जुळवून घेतले. जर्मनीला तिथून लोणी आणि मांस हवे होते, आणि ते बिनबोभाट मिळत राहावे म्हणून देश शांत हवा होता. ज्यू नागरिकांविरुद्ध वेगळे कायदे आपण मान्य करणार नाही, ही डॅनिश सरकारची भूमिका जर्मनांना ठाऊक होती, आणि तेवढ्यासाठी ही घडी मोडणे त्यांना १९४३ पर्यंत परवडणारे नव्हते.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने का होईना, मान्य करावी लागते. राजांच्या खासगी दैनंदिनीत सप्टेंबर १९४१ ची एक नोंद आहे. मंत्री विल्हेल्म बूल यांच्याशी झालेल्या बोलण्यात, ज्यूंविषयी अशी मागणी आलीच तर ती नाकारावी लागेल आणि मग आपण सर्वांनीच तो तारा लावणे उत्तम, असा विचार त्यांनी मांडल्याचे तीत दिसते. हा विचार मोठ्या मनाचा होता, यात शंका नाही. पण तो बंद दाराआड बोलला गेला आणि अमलात आणण्याची वेळ आली नाही. जानेवारी १९४२ मध्ये स्वीडनमधील गोथेनबर्गच्या एका वृत्तपत्रात रॅग्नवाल्ड ब्लिक्स या नॉर्वेजियन व्यंगचित्रकाराने जवळपास हाच संवाद राजे आणि पंतप्रधान स्टाउनिंग यांच्या तोंडी घातला, आणि पुढे १९५८ च्या एका लोकप्रिय अमेरिकी कादंबरीने तो घडलेला प्रसंग म्हणून जगभर पोहोचवला. राजांची नात, राणी मार्गरेथे दुसऱ्या, यांनीही ही कथा खरी नसल्याचे जाहीरपणे सांगितलेले आहे. आजोबांच्या बाबतीत नातीपेक्षा आमच्या दादांना अधिक माहिती असेल, असे मला वाटत नाही.

तारा निदान निरुपद्रवी आहे. ‘नाझींच्या हाती कोणीही लागले नाही’ हे वाक्य मात्र संतापजनक आहे. १९४३ मध्ये जर्मनांनी डेन्मार्कमधील ज्यूंची धरपकड केली तेव्हा सुमारे ४७० जण पकडले गेले, त्यांची रवानगी थेरेसिएनश्टाटच्या छावणीत झाली आणि त्यांपैकी पन्नासच्या आसपास माणसे तिथेच मेली. गिलेलाय या मच्छीमार गावात होडीची वाट पाहत चर्चच्या माळ्यावर लपलेल्या सुमारे ८० जणांना त्या ऑक्टोबरात गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, एका रात्रीत उचलले. सुखान्त गोष्ट हवी म्हणून ही माणसे खोडून टाकण्याचा अधिकार कोणाला दिला?

जे वाचले ते राजाज्ञेने वाचले, हेही खोटे आहे. होऊ घातलेल्या धरपकडीची बातमी गेओर्ग डुकविट्झ या जर्मन अधिकाऱ्याने डॅनिश नेते हान्स हेडटोफ्ट यांच्या कानावर घातली; २९ सप्टेंबर १९४३ ला सकाळच्या प्रार्थनेस जमलेल्यांना मार्कुस मेल्कियोर या ज्यू धर्मगुरूंनी ताबडतोब घरे सोडायला सांगितले. डॉक्टरांनी रुग्णालयांत आसरा दिला, कोळ्यांनी रात्रीच्या अंधारात डेन्मार्क आणि स्वीडनमधली ओरेसुंडची सामुद्रधुनी पार करवली (त्यांतील अनेकांनी चांगली रक्कम मोजून घेतली, हेही खरे), आणि सुमारे ७,२०० ज्यू व त्यांचे ज्यू नसलेले सुमारे ७०० नातलग स्वीडनला पोहोचले. ऑक्टोबर १९४२ मध्ये घोड्यावरून पडल्यापासून राजांची प्रकृती खालावलेली होती, २९ ऑगस्ट १९४३ पासून लष्करी कायदा लागू होता आणि सरकारने काम थांबवले होते. राजांनी जर्मन प्रतिनिधी वेर्नर बेस्ट यांना निषेधाचे पत्र धाडले, त्यापलीकडे त्यांच्या हाती फारसे काही नव्हते. शिवाय स्वतःच्या मर्जीने आज्ञा देण्याची हौस त्यांनी १९२० मध्येच फेडून घेतली होती. जर्मनीच्या सीमेवरील श्लेस्विग प्रांताच्या प्रश्नावरून त्यांनी निवडून आलेले सरकार बरखास्त केले, सार्वत्रिक संपाची आणि राजेशाही जाण्याची वेळ आली, आणि त्यांना माघार घ्यावी लागली.

इमारतीवर फडकवलेला जर्मन झेंडा उतरवायला मी स्वतः जाईन, असे राजांनी बजावल्याचा किस्साही काही प्रतींत जोडलेला असतो. तोही ऐकीव आहे.

राहिला हिटलर घाबरल्याचा मुद्दा. सप्टेंबर १९४२ मध्ये राजांच्या ७२ व्या वाढदिवसाला हिटलरने लांबलचक अभिनंदनाची तार पाठवली आणि राजांनी केवळ आभाराच्या एका ओळीत तिची बोळवण केली. या एका ओळीवरून हिटलरने आपला राजदूत परत बोलावला, डॅनिश राजदूताला बर्लिनमधून घालवून दिले आणि नोव्हेंबरात, तोवर पंतप्रधान झालेल्या बूल यांना पदावरून जायला लावून परराष्ट्रमंत्री स्काव्हेनियस यांना बसवले. वर उल्लेख आलेले बेस्ट कोपनहेगनला आले तेही याच खटक्यातून. पुतणीला भाषणच करायचे असेल तर हा प्रसंग घ्यावा. तो खरोखर घडला आहे.