खुलासा : झोपडपट्टी पुनर्विकासाच्या सर्वेक्षणात कागद दाखवा
सोलापुरातल्या मोहल्ल्यांच्या ग्रुपवर फिरतंय : ‘पुनर्विकासात मुसलमानांना घर मिळत नाही, सर्वेक्षणवाल्यांना कागद दाखवू नका.’ हे चुकीचं आहे. राज्याच्या १९७१ च्या झोपडपट्टी कायद्यात धर्माची अट नाही. १ जानेवारी २००० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा असेल तर पर्यायी घर न देता हटवण्यापासून संरक्षण मिळतं. जुनी मतदारयादी, लाईट बिल जपा. नोंदच झाली नाही, तर हक्क कशाच्या जोरावर सांगणार?

काळजी मात्र खरी आहे. भाड्याच्या खोलीत मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बाईच्या नावाचा कागद बहुधा नसतोच. घर लांब गेलं तर विड्या कारखान्यात पोचवायचा रिक्षाखर्चही वाढतो. या अडचणी लेखी द्या, पोच घ्या. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलात, त्यांना हा खुलासा पाठवा.