खरा धक्का उशिरा बसतो

परदेशातील पहिले काही आठवडेच सर्वांत अवघड असतात आणि पुढे सारे आपोआप सुरळीत होते, हे परदेशात रुळण्याविषयीच्या लेखातील विधान मला पटले नाही. मानववंशशास्त्रज्ञ कालेर्व्हो ओबर्ग यांनी तर या सुरुवातीच्या टप्प्याला मधुचंद्राचाच काळ म्हटले होते. जर्मनीतील हॅम्बुर्गमधील माझे पहिले दोन महिनेही कौतुकातच गेले. धक्का बसला तो डिसेंबरात, जेव्हा चारच्या सुमारास सूर्य मावळू लागला आणि काचेच्या रिकाम्या बाटल्या रविवारी कचराकुंडीत टाकल्याबद्दल शेजारच्या आजींनी, हा शांततेचा दिवस आहे, असे मला सुनावले.

लेखातील भाषा शिकण्याचा सल्ला योग्य असला तरी अपुरा आहे. जर्मनमधील ‘डू’ (तू) आणि ‘झी’ (तुम्ही) हा भेद ‘तू-तुम्ही’ बोलणाऱ्या आपल्याला सोपा वाटतो खरा (मलाही वाटला होता), परंतु तिथे वयाने मोठी व्यक्तीसुद्धा अनोळखी प्रौढाला ‘झी’च म्हणते आणि ‘डू’वर यायचे असेल तर सहसा तसे आधी सुचवते. त्या आजींनी मला तसे सुचवायला सव्वा वर्ष घेतले. तोवर त्यांची ती रीत मी तुसडेपणाच समजत होतो.