नऊ फरश्या फोडल्या आणि पाइप कोरडा

नऊ फरश्या. नऊ! आणि आत पाइप कोरडा ठणठणीत.

बाथरूमखाली, खालच्यांच्या छताला ओल आली म्हणून रविवारी सकाळी प्लंबर बोलावला. आला, भिंतीवर टकटक केलं, 'भिंतीतली कन्सील्ड पाण्याची लाइन गेलीये, फोडावंच लागेल' म्हणाला आणि लावली छिन्नी. ओल सारखी असते की आंघोळीनंतर वाढते, एवढं विचारायला काय पैसे पडतात? गच्चीवरच्या टाकीचं पाणी लाइनमध्ये रात्रंदिवस भरलेलं असतं. लाइन गळत असेल तर रात्री दोनलाही छत तेवढंच ओलं राहणार. आंघोळी उरकल्यावर टपकायला लागतं आणि दुपारी थांबतं, म्हणजे गळती सांडपाण्याची. आणि फक्त पावसाळ्यात येत असेल तर बाहेरची भिंत बघा की राव!

इथे छत रोज दुपारी सुकत होतं. शेवटी निघाला नहाणी ट्रॅपच, म्हणजे फरशीतल्या जाळीखालची सांडपाण्याची वाटी, पाइपच्या सांध्याला बोट जाईल एवढी फट. नऊ फरश्या फुटल्यावर, चहा पिता पिता प्लंबरसाहेबांना सुचलं. अहो, ट्रॅपच्या तोंडात कापडाचा घट्ट बोळा घालायचा, बाथरूमभर इंचभर पाणी तुंबवून चोवीस तास सोडायचं. खाली छत कोरडं, म्हणजे फरशी आणि सांध्यातलं व्हाइट सिमेंट निर्दोष. मग बोळा काढून दोन बादल्या रंगीत पाणी थेट ट्रॅपमध्ये ओतायचं. खाली रंगीत थेंब आला की सापडला चोर. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगीत पाण्याच्या हौदात, उड्या मारणारं नाशिक हे, आणि बादलीत रंग कालवायचं कुणाला सुचत नाही!

लाइनवरच संशय होता तर हातपंप आणायचा होता, तपासणीचा. गीझर सोडवून त्याच्या दोन्ही तोंडांना जोडनळी, बाकी तोट्यांना डमी म्हणजे बूच, टाकीकडचा व्हॉल्व्ह बंद, पाच किलो प्रेशर आणि तासभर पंपाच्या काट्याकडे बघत बसायचं. काटा उतरला तर खुशाल फोडा. पण पंप आणायचा कंटाळा. हातोडा मात्र पिशवीत कायम. त्या छटेच्या फरश्या आता मिळत नाहीत, म्हणजे बाथरूमला आयुष्यभराचं ठिगळ.

विषय निघालाच आहे तर आट्यांवर गुंडाळायची टेफलॉन टेपही घ्या. अर्ध्या इंची आट्यांना आठ-दहा वेढे पुरतात, घड्याळाच्या दिशेने. हे प्लंबर अख्खं रीळ गुंडाळतात आणि दोन फुटी पान्याने आवळतात. पितळी आट्यांची सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारं प्लास्टिक) फिटिंग त्या दिवशी गुमान बसते आणि सहा महिन्यांनी भिंतीच्या आत तडकते. गरम पाण्याच्या लाइनला साध्या पीव्हीसीचं सोल्युशन फासणारे तर वेगळेच महाभाग.

आणि घरमालक कमी नाहीत. गोदेचा पूर ज्याच्यावरून मोजतात त्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की अख्खं नाशिक गंगापूर धरणाचा विसर्ग तोंडपाठ म्हणणार. स्वतःच्या मीटरवरचं इवलंसं चक्र फिरतंय का, ते बघायला कुणी वाकायचं नाही. टाकी भरून बॉल कॉक बंद झाल्यावर, पाणी आलेलं असतानाच बघायचं. पाणी गेल्यावर काय बघणार, कपाळ? टाकी भरल्यावरही चक्र फिरत असेल तर मीटर ते टाकी या टप्प्यात गळतंय. टाकीच्या पुढचं शोधायचं तर रात्री अकराला टाकीत पातळीची खूण, पहाटे पाचला पुन्हा बघणं. मध्ये कुणी फ्लश ओढायचा नाही. आणि फ्लशच्याच टाकीत हळदीचं पाणी ओतून वीस मिनिटं थांबा. भांडं पिवळं झालं की वॉशर गेला.

हे सगळं तावातावाने लिहिणाऱ्याच्या सिंकखाली गेल्या दिवाळीपासून श्रीखंडाचा रिकामा डबा ठेवलेला आहे. अँगल कॉक, म्हणजे सिंकखालची तोटी, टपकतो. तासाला अर्धा लिटर, म्हणजे दिवसाला बारा, महिन्याला तीनशेसाठ. डबा कोण रिकामा करणार, यावर भांडण होतं. वॉशर कोण आणणार, यावर नाही.

असो. ट्रॅप बदलला. मजुरी फोडण्याची वेगळी, बसवण्याची वेगळी. जाता जाता प्लंबर म्हणाला, 'शेजारच्या संडासची भिंतपण जरा फोडून बघू का, साहेब?'