खुलासा: स्नोशू घातल्याने माणूस बर्फात मुळीच बुडत नाही, हे खरे नव्हे

बेळगाव, खानापूर व निपाणी भागातील व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मजकूर फिरत आहे. स्नोशू बांधलेला शिकारी कितीही खोल बर्फात न बुडता धावतो आणि हरणाला सहज गाठतो, असा त्यात दावा आहे. तो अर्धवट आहे.

स्नोशू म्हणजे बुटाखाली बांधायची रुंद जाळीदार चौकट. भातशेतीच्या चिखलात फळी टाकून तीवर पाय ठेवावा, तसे तिच्यामुळे अंगाचे वजन मोठ्या क्षेत्रावर पसरते. मात्र ताज्या, भुसभुशीत बर्फात पाय तरीही काही इंच रुततोच, आणि पाठीवर ओझे असेल, शिकार ओढून आणायची असेल, तर अधिक रुततो. स्कीप्रमाणे त्यावर घसरत जाता येत नाही; प्रत्येक पाऊल उचलूनच टाकावे लागते.

उत्तर अमेरिकेतील क्री, ओजिब्वे आदी आदिवासी लाकडी चौकटीत कच्च्या कातड्याच्या वाद्या विणून ही साधने बनवत. त्यांचे यश वेगापेक्षा ऋतूच्या जाणिवेत होते. हिवाळा सरताना दिवसा वितळलेला बर्फाचा वरचा थर रात्री गोठून कडक होतो. तो स्नोशूवरील माणसाला पेलतो, पण मूससारख्या अवजड हरणाचे खूर त्यातून आरपार जातात आणि ते लवकर थकते. मजकुरात नेमके हेच गाळले आहे. दाट झुडपांत आखूड, गोलसर, तर मोकळ्या मैदानात लांबट स्नोशू सोयीचे ठरतात.

‘हिमाचलात जाऊन करून पाहा’ ही मजकुरातील सूचना तर सरळ बेकायदेशीर आहे: 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतात वन्य प्राण्यांच्या शिकारीस मनाई आहे.